एसआयपी लाल दिसतेय, प्लॉट घेऊ का?

वाचकाचं पत्र: मी ४४ वर्षांचा आहे. इंदूरला सुदामा नगरात राहतो, पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. हातात ९०,००० रुपये येतात, पत्नीला शाळेतून २४,००० मिळतात. घरखर्च ५५,०००. मुलगी दहावीत, मुलगा १० वर्षांचा, वडील ७४ वर्षांचे. जुनं घर पाडून नवं बांधलं, त्याचं २३ लाखांचं कर्ज बाकी आहे; व्याज साडेआठ टक्के, हप्ता २७,०००.

तीन वर्षांपासून १०,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडामार्फत शेअर बाजारात दरमहाची गुंतवणूक, चालू आहे, ३७ हप्ते भरले. तीन महिन्यांपूर्वी ॲपवर ४,४०,००० दिसत होते. त्यानंतर आणखी ३०,००० भरले आणि आज दिसतात ४,१५,०००. म्हणजे ५५,००० बुडाले. एसआयपी घेताना १५ टक्के सांगितले होते, साठीपर्यंत सव्वा कोट. मेव्हणा उज्जैन रोडवर, सुपर कॉरिडॉरच्या पुढे, १,००० फुटांचा प्लॉट १९ लाखांत मिळवून देतोय, सौदा डायरीवर, म्हणजे रजिस्ट्री नाही, दलालाच्या डायरीत नोंद. २०२८ च्या सिंहस्थापर्यंत भाव दुप्पट होईल म्हणतो. मुलीच्या लग्नासाठीची ९ लाखांची एफडी, एसआयपीचे ४ लाख आणि ६ लाखांचं टॉप-अप कर्ज, असे पैसे जमवतो आहे. ५१,००० टोकन दिलंय. बाबांनी हा सुदामा नगरचा प्लॉट १९८९ मध्ये ६०,००० ला घेतला, आज ६० लाख चालू आहेत. जमिनीत पैसा बुडत नाही. काकांचं वेगळं, त्यांना सोसायटीचा प्लॉट अजून मिळालेला नाही.

बाकी विमा वगैरे सगळं आहे. जुन्या तीन पॉलिसी, वर्षाला ४८,०००, चार-पाच वर्षांत संपतील. चार वर्षांपूर्वी बँकेतून एक घेतली: वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, २० व्या वर्षी २० लाख, गॅरंटीड दुप्पट, शिवाय टॅक्सही वाचतो. तिचा पुढचा हप्ता दोन महिन्यांनी आहे. सगळ्यांचं कव्हर मिळून १७ लाख, त्यात बँकेतल्या पॉलिसीचं १० लाख. टर्म घेतली नाही, कारण जिवंत राहिलो तर सगळे पैसे पाण्यात. पीएफ १४ लाख, मेडिक्लेम कंपनीचं. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. तर एसआयपी बंद करून प्लॉट घ्यावा, बरोबर ना?

उत्तर: बरोबर नाही. एसआयपी बंद करू नका आणि हा प्लॉट घेऊ नका. कारणं पुढे देतो, पण ती नंतर. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काळजीत टाकणारं वाक्य प्लॉटबद्दलचं नाही, एसआयपीबद्दलचंही नाही. ते आहे, ‘बाकी विमा वगैरे सगळं आहे.’

नाही. तुमच्याकडे पॉलिसी आहेत, विमा नाही.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरात काय येईल ते आधी मांडू. पॉलिसींचे १७ लाख, एफडी ९, एसआयपी ४, पीएफ १४, आणि पीएफला जोडलेल्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख. झाले ५१ लाख. त्यातून कर्जाचे २३ गेले की उरले २८. घरखर्च ५५,०००, पत्नीचा पगार २४,०००, म्हणजे दरमहा ३१,००० कमी पडणार, वर्षाला पावणेचार लाखांच्या आसपास. पीएफच्या पेन्शनमधून थोडंफार येईल, पण ते महागाई खाऊन टाकेल. २८ लाख साडेसात वर्षं पुरतात. तोवर मुलगा साडेसतरा वर्षांचा झालेला असेल, कॉलेजच्या दारात. आणि यात मुलीच्या शिक्षणाचा एक रुपयाही धरलेला नाही.

आता हाच हिशोब प्लॉट घेतल्यावरचा. एफडी गेली, एसआयपी गेली, कर्ज २९ लाखांवर. येणार १७ अधिक १४ अधिक ७, म्हणजे ३८. कर्ज फेडून हातात ९ लाख. वर्षाला पावणेचार लाखांनी अडीच वर्षंसुद्धा पूर्ण होत नाहीत. आणि सोबत एक प्लॉट, ज्याची रजिस्ट्री नाही, ज्याचा पुरावा एका दलालाच्या डायरीतली नोंद आहे, आणि त्या नोंदीत तुमच्या पत्नीचं नाव नाही.

पत्रात ५५,००० रुपयांची घसरण तुम्ही रुपया-रुपया मोजून लिहिलीत. २३ लाखांच्या कर्जावर १७ लाखांचं कव्हर आहे, ही गोष्ट मात्र दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिली आणि त्या दोन आकड्यांची गाठ तुमच्या मनात पडलीच नाही. हा दोष फक्त तुमचा नाही. जे डोळ्यांसमोर रोज हलतं ते मोठं वाटतं, आणि जे कागदात स्वस्थ पडून असतं त्याकडे लक्ष जात नाही. माणसाचं मन असंच चालतं. पण दोन मुलं, म्हातारे वडील आणि अकरा वर्षांचं कर्ज असताना तसं चालू देणं परवडणारं नाही.

टर्म पॉलिसीचे पैसे पाण्यात जातात, हा समज मी इंदूरच्या मराठी घरांमध्ये इतका ऐकतो की आता त्याचा राग येऊ लागला आहे. तुम्हाला साधारण सव्वा कोटीचं कव्हर लागेल: कर्जाचे २३ लाख, दोन्ही मुलांच्या शिक्षणाचे ३०, आणि महिन्याची ३१,००० ची तूट वीस वर्षं भरून काढायला ७२ ते ७५. तुमच्या वयाला, साठीपर्यंत, त्याचा हप्ता वर्षाला २५,००० च्या आसपास धरू. बीपीमुळे थोडा वाढू शकतो. सोळा वर्षांचे झाले ४ लाख. हे ४ लाख तुम्हाला दिसतात, कारण प्रत्येक हप्ता खात्यातून जाताना दिसतो आणि परत काही येत नाही.

आता बँकेतली पॉलिसी घ्या. तिथे काही गेलेलं दिसतच नाही. १० भरले, २० मिळाले. पण पैसा किती वर्षं अडकला ते बघा. पहिला हप्ता वीस वर्षं, शेवटचा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा. पैसा जितक्या वर्षांत दुप्पट होतो त्या आकड्याने ७२ ला भागलं की व्याजाचा अंदाज येतो: ७२ भागिले साडेपंधरा, साडेचार टक्क्यांच्या जवळपास. हेच हप्ते तुम्ही पोस्टात जाऊन पीपीएफमध्ये भरले असते, ७.१ टक्क्यांनी, आणि मुदत वाढवून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले असते, तर साडेएकोणतीस लाख झाले असते. तेही सरकारी, तेही करमुक्त. फरक साडेनऊ लाखांचा. म्हणजे १० लाखांच्या कव्हरसाठी तुम्ही साडेनऊ लाख देताय आणि त्याला बचत म्हणताय. सव्वा कोटीच्या कव्हरचे ४ लाख मात्र तुम्हाला बुडीत वाटतात. पहिली किंमत कोणी पावतीवर लिहून देत नाही, एवढाच दोन्हींतला फरक.

आणि ते २० लाख हातात पडायला अजून सोळा वर्षं आहेत. महागाई पाच टक्के धरली तर तेव्हाचे २० लाख आजच्या भावात सव्वानऊ लाखांच्या आत येतात. ‘दुप्पट’ सांगणाऱ्याने तुम्हाला फक्त दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले आणि मधली वीस वर्षं झाकली. बँकेच्या खुर्चीत बसून, खातेदाराच्या विश्वासावर असा माल विकणं मला मुळीच मान्य नाही. खुर्ची बँकेची असली तरी विक्री विमा कंपनीची असते आणि विकणाऱ्याला महिन्याचं टार्गेट असतं. बँकेत बसलेला माणूस एफडीसारखंच काहीतरी देतोय असं समोरच्याला वाटतं, आणि त्या वाटण्यावरच हा सगळा धंदा उभा आहे.

टॅक्सचंही बघा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. तुमचा पगार बहुधा त्याच्या आतच आहे. पॉलिसीच्या हप्त्यावरची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे. मग हा १ लाखाचा हप्ता नेमका कोणता कर वाचवतोय, ते कंपनीकडून मिळालेल्या फॉर्म १६ मध्ये शोधून बघा.

आता त्या पॉलिसीचं करायचं काय? इथे मी सावकाश जातो, कारण ‘चार लाख भरलेत, आता सोडून कसं चालेल’ हा पुढचा विचार तुमच्या मनात येणारच. भरलेले चार लाख आज कोणत्याही निर्णयाने परत येत नाहीत. कंपनीला पत्र लिहून दोन आकडे लेखी मागा: आज पॉलिसी परत केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर विसाव्या वर्षी किती मिळतील. फोनवरचा आकडा धरू नका. समजा आज २ लाख मिळतात. मग तुमच्यासमोरचा खरा प्रश्न असा आहे: हे २ लाख आत ठेवून वर आणखी ६ लाख भरायचे आणि सोळा वर्षांनी २० लाख घ्यायचे, हे कितीला पडतं? साधारण साडेसहा टक्क्यांना. म्हणजे इथून पुढचा हिशोब सुरुवातीच्या साडेचार टक्क्यांइतका वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तुमच्या डोक्यावर साडेआठ टक्क्यांचं कर्ज आहे. साडेसहाने ठेवायचे आणि साडेआठने घ्यायचे, याला अर्थ नाही. २ लाखांच्या आसपास मिळत असतील तर पॉलिसी परत करा आणि पैसे कर्जात भरा. हप्ते थांबवून ठेवण्याचा आकडा चांगला निघाला, समजा विसाव्या वर्षी आठ लाख, तर मोडू नका. नुसते हप्ते थांबवा. काहीही झालं तरी दोन महिन्यांनी येणारा १ लाखाचा हप्ता भरण्याआधी हे दोन आकडे तुमच्या हातात पाहिजेत.

जुन्या तीन पॉलिसींना हात लावू नका. त्यांचा बराचसा खर्च सुरुवातीलाच होऊन गेला आहे, चार-पाच वर्षांत त्या पिकतील आणि ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या वेळेला उपयोगी पडतील.

टर्म पॉलिसी घेताना बीपीची गोळी अर्जात लिहा. एजंट म्हणेल, कशाला लिहिता, हप्ता वाढेल. वाढू द्या. कंपनीने तपासणी करायला सांगितली तर करून घ्या. पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला तिच्यावर हरकत घेता येत नाही, असं विमा कायदा सांगतो; पण पहिल्या तीन वर्षांत लपवलेली गोष्ट निघाली तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसाल. दुसरं, ही पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली घ्या. अर्जातच तो पर्याय असतो. मग हे पैसे पत्नी आणि मुलांचे राहतात, तुम्हाला कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटीही लागत नाही, तेव्हा जुने दर ऐकून घाबरू नका. आणि क्रम चुकवू नका: आधी नवी पॉलिसी हातात येऊ द्या, मगच बँकेतली मोडा.

आरोग्यविमा कंपनीचा आहे म्हणजे नोकरी असेपर्यंतच आहे. चौघांसाठी स्वतःचा दहा लाखांचा घ्या. वडील सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. हे काम याच आठवड्यात होईल.

आता तुमचा प्रश्न.

तुम्ही म्हणता ५५,००० बुडाले. ३७ हप्ते म्हणजे ३,७०,००० भरले आणि आज ४,१५,००० आहेत. म्हणजे ४५,००० वर आहात. दोन्ही आकडे खरे आहेत. तुम्ही तीन महिन्यांपूर्वीच्या शिखरावर उभं राहून खाली बघताय, म्हणून तोटा दिसतो. पहिल्या हप्त्यापासून बघितलंत तर नफा दिसेल. पैसे सरासरी दीड वर्ष राहिलेत, परतावा वर्षाला साडेसात-आठ टक्के पडतो. फार मोठा नाही, पण बुडालेलं काही नाही.

डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं ते नेमकं हेच आहे. माणूस आपल्याकडे एकूण किती आहे ते बघत नाही, मनात धरलेल्या एका खुणेपासून किती वर किंवा खाली गेलो ते बघतो. आणि खाली जाणं वर जाण्यापेक्षा जास्त लागतं; दुपटीहून थोडं जास्तच, हे त्यांनी १९९२ मध्ये मोजलं. पुढे १९९५ मध्ये श्लोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञांनी त्यात एक गोष्ट जोडली: जो जितक्या वेळा बघतो, त्याला तितका तोटा जास्त भेटतो. शेअर बाजार रोज बघणाऱ्याला जवळपास निम्मे दिवस घसरणच दिसते, वर्षातून एकदा बघणाऱ्याला ती फार कमी वेळा दिसते. दोघांचे पैसे तेच, पण रोज बघणारा लवकर पळतो. तुम्ही रोज ॲप उघडता, हे पत्रावरून कळतं. पीथमपूरच्या बसमध्ये बसल्यावर पहिलं काम तेच असणार.

आणि बाबांचा प्लॉट? ६०,००० चे ६० लाख, शंभर पट, छत्तीस वर्षांत. ऐकायला अफाट वाटतं. चक्रवाढीने मांडलं तर वर्षाला साडेतेरा टक्के. आता शेजारी हे ठेवा: सेन्सेक्स १९९० च्या जुलैमध्ये पहिल्यांदा १,००० वर पोहोचला आणि २०२४ च्या जुलैमध्ये ८०,००० वर. चौतीस वर्षांत ऐंशी पट, तेही जवळजवळ तेवढेच टक्के, आणि यात लाभांश धरलेला नाही. ज्या मालाला तुम्ही जुगार समजताय आणि ज्याला तुम्ही सोनं समजताय, दोघांचा वेग सारखाच निघाला.

मग बाबा घाबरले का नाहीत? कारण त्यांना भाव दिसत नव्हता. छत्तीस वर्षं कोणी रोज सकाळी फाटकावर खडूने आजचा भाव लिहून गेलं असतं, आज ८ लाख, उद्या ७ लाख ६०, तर त्यांनीही कधीतरी विकून टाकला असता. २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीत २०,००० च्या वर होता आणि ऑक्टोबरमध्ये ९,००० च्या खाली आला. २०२० मध्ये जानेवारीत ४२,००० च्या आसपास होता, २३ मार्चला २६,००० च्या खाली. त्या दोन्ही वेळा सुदामा नगरचा प्लॉट विकायला काढला असता तर गिऱ्हाईक मिळालं असतं का, आणि काय भावाने? ते कोणी विचारलंच नाही, म्हणून भाव पडलाच नाही असं आपण समजतो.

शिवाय तुमच्या घरात दोन भावांनी जमिनीत पैसे घातले. एकाचे शंभर पट झाले, दुसऱ्याला प्लॉटच मिळाला नाही. ‘जमिनीत पैसा बुडत नाही’ हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढच्या ओळीत काकांचं वेगळं म्हणून त्यांना बाजूला ठेवलंत. काकांचं वेगळं का? तेही त्याच शहरातले, तसाच पगार, तसाच विश्वास. इंदूरमध्ये गृहनिर्माण संस्थांत पैसे भरून वर्षानुवर्षं ताब्याची वाट बघणारे लोक थोडे नाहीत. पण बाबांचं घर तुम्हाला रोज दिसतं, काकांचा प्लॉट कुठेच नाही, म्हणून तो मोजदादीत येत नाही. माझ्या मते डायरीवरचा हा सौदा बाबांच्या प्लॉटपेक्षा काकांच्या प्लॉटच्या जास्त जवळचा आहे.

कारण डायरीवर सौदा होतो तोच मुळी कागद पूर्ण नसताना. कॉलनीचा नकाशा टाउन अँड कंट्री प्लॅनिंगकडून मंजूर आहे का, जमिनीचं डायव्हर्शन (शेतजमिनीचं बिनशेती होणं) झालं आहे का, कॉलनी विकासाची परवानगी आहे का, मध्य प्रदेश रेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक काय, हे मेव्हण्याला विचारा. २०१६ चा रेरा कायदा सांगतो की नोंदणीशिवाय अशा वसाहतीतले प्लॉट विकणं तर सोडाच, जाहिरातही करता येत नाही. आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ देणं-घेणं आयकर कायद्यात बसत नाही. तुमचं ५१,००० चं टोकन रोख गेलं असेल तर तिथेच गडबड आहे. रजिस्ट्रीचा खर्च दोन लाखांच्या आसपास वेगळा, तो १९ लाखांत धरलेला दिसत नाही.

सिंहस्थामुळे भाव दुप्पट होईल, हे तुमच्या मेव्हण्याला कळलंय तसं ते विकणाऱ्यालाही कळलंय. उज्जैन रोडवर रस्त्यांची कामं चालली आहेत, येणारा-जाणारा प्रत्येक जण ती बघतो. जी गोष्ट सगळ्यांना दिसते ती भावात आधीच मिसळलेली असते. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सव्वीस टक्के. जो प्लॉट खरोखर असा वाढणार आहे, तो मालक १९ लाखांत तुम्हाला का देईल?

मेव्हणा मुद्दाम फसवतोय असं मी म्हणत नाही. तोही बहुधा मनापासून हेच मानतो. पण नात्यातला माणूस सांगतो तेव्हा आपण कागद मागत नाही, मागितला तर वाईट दिसेल असं वाटतं. म्हणून कागद मागायचं काम एखाद्या वकिलावर सोपवा, त्याची पाच-दहा हजार फी द्या. मग नकार वकिलाचा होतो, तुमचा नाही, आणि मेव्हण्याच्या घरी जाणं-येणं बंद होत नाही.

एफडीवर ‘मुलीचं लग्न’ अशी चिठ्ठी लावून ठेवलीत आणि कर्जावर ‘घर’ अशी. एक साडेसहाने कमावतं, दुसरं साडेआठने जातं, आणि चिठ्ठ्या वेगळ्या म्हणून दोघांची तुलना होत नाही. ९ पैकी ६ लाख एफडीतच ठेवा. नोकरी खाजगी आहे, हाताशी चार-पाच महिन्यांचा खर्च हवा, आणि मुलीच्या अकरावी-बारावीच्या कोचिंगचे व पुढच्या प्रवेशाचे पैसे यातूनच येतील. लग्न दहा वर्षांनी आहे, कॉलेज तीन वर्षांनी, हा क्रम विसरू नका. उरलेले ३ लाख आणि पॉलिसी मोडली तर तिचे २ लाख, असे ५ लाख कर्जात भरा. व्याजदर बदलता असेल तर बँक दंड लावू शकत नाही. हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करून घ्या; बँकेला हे लिहून द्यावं लागतं, नाहीतर काही बँका हप्ताच कमी करून टाकतात. २३ चे १८ लाख झाले की अकरा वर्षांचं कर्ज साडेसात वर्षांत संपतं. चाळीस हप्ते, म्हणजे पुढचे अकरा लाख वाचले, असं कोणी तुम्हाला सांगेल. तो आकडाही डोळे दिपवणारा आहे, त्याच्या मागे जाऊ नका. त्याचा अर्थ इतकाच की तुमच्या पाच लाखांना खात्रीचे साडेआठ टक्के मिळाले. तेवढे पुरेसे आहेत.

एसआयपी चालू ठेवा, पण १५ टक्के आणि सव्वा कोट हे डोक्यातून काढा. दहा-अकरा टक्के धरा. सोळा वर्षांनी पासष्ट ते पंचाहत्तर लाख, आजच्या भावात ३० ते ३४ लाख. निवृत्तीला ते अपुरे आहेत. म्हणून पुढच्या वर्षापासून, विमा घेऊन झाल्यावर, बँकेच्या पॉलिसीचे वाचलेले जे उरतील ते यात वळवा, आणि कर्ज संपल्यावर हप्त्याचे २७,००० सुद्धा. ॲपच्या सूचना बंद करा. वर्षातून दोनदा बघा, दिवाळीनंतर एकदा आणि मार्चनंतर एकदा, आणि बघताना भरलेली रक्कम आणि आजची रक्कम एवढंच बघा.

हे उत्तर पत्नीला वाचायला द्या. तुमच्या सगळ्या पत्रात त्यांचा पगार आहे, त्यांचं मत कुठेच नाही. पॉलिसींचे कागद कुठे आहेत, पीएफचा क्रमांक काय, नामनिर्देशन कोणाचं आहे, हे त्यांना माहीत आहे का ते आज रात्रीच विचारा. पीएफमध्ये लग्नाआधी लावलेलं तुमच्या आईचं नामनिर्देशन अजून तसंच असेल तर ते आता ऑनलाइन बदलता येतं.

टोकनचे ५१,००० मागा. मिळाले तर ठीक, नाही मिळाले तर सोडून द्या. प्लॉट नाकारताना तुम्हाला हेच ५१,००० सगळ्यात जास्त बोचतील, आणि मेव्हणाही हेच म्हणेल की आता टोकन वाया घालवता का. त्यावर एकच उत्तर द्या: रेरा क्रमांक आण, मग बोलू.